सात मिनिटांची रेकॉर्ड

नमस्कार मंडळी. आज हार्डकोर पंकमधल्या, म्हणजे पंक रॉकच्या सुसाट, ओरडून गायच्या प्रकारातल्या, नव्या रेकॉर्ड्सबद्दल बोलायचंय. घरात कुणी झोपलं असेल तर आवाजाच्या बटणाजवळ हात असू द्या. मी बोलतोय तोवर काळजी नाही. गाणं लावायच्या आधी सांगेन.

सुरुवातीलाच एक मागणं. हार्डकोरची नवी रेकॉर्ड हाती आली की ती तीनदा ऐका आणि मगच तोंड उघडा. पहिल्या खेपेला नुसता धुरळा दिसतो. दुसऱ्या खेपेला गाडी दिसते. तिसऱ्या खेपेला गाडीत कोण बसलंय ते कळतं. तेव्हा तीनदा. आणि वेळ नाही हे कारण इथे चालत नाही. मायनर थ्रेट या बँडचं 'स्ट्रेट एज' घ्या, १९८१ सालचं. दारू-सिगारेटला न शिवणाऱ्या पोरांच्या अख्ख्या चळवळीला ज्या गाण्यानं नाव दिलं, ते गाणं जेमतेम पाऊण मिनिटाचं आहे. पाऊण मिनिट! सूत्रसंचालक पाहुण्यांची ओळख करून देताना श्वास घ्यायलाच याहून जास्त वेळ घेतात. मी स्वतः सूत्रसंचालक आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

अंडरग्राउंड म्हणजे काय, असं एका श्रोत्यानं विचारलंय. त्यांना एक कात्री आठवायला सांगतो. १९८० साली वॉशिंग्टन डीसीमध्ये टीन आयडल्स नावाचा चार पोरांचा बँड होता. कार्यक्रम करून करून त्यांच्याकडे सुमारे सहाशे डॉलर साठले, आणि बँड मोडला. वाटणी केली असती तर दरडोई दीडशे. त्यांनी वाटणी केली नाही, रेकॉर्ड काढली. हजार प्रती. रेकॉर्डचं पाकीट कसं बनवतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून एका इंग्लिश सात इंची रेकॉर्डचं पाकीट उसवून सपाट केलं, त्यावरून आकार उतरवला, आणि छापून आलेले कागद घरी बसून कात्रीनं कापले, दुमडले, गोंदानं चिकटवले. डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी अशी सुरू झाली. त्या चौघांतले दोघे, इयन मकाय आणि जेफ नेल्सन, पुढे मायनर थ्रेटमध्ये गेले. तर अंडरग्राउंड म्हणजे ती कात्री. बाकी व्याख्या करणारे करोत.

आणि रेडिओवाल्यांनी कॉलर ताठ करावी अशी एक गोष्ट. मॅक्सिमम रॉकनरोल हे पंकवाल्यांचं मासिक, ज्यात परीक्षण यावं म्हणून बँड जीव टाकायचे, ते आधी रेडिओ कार्यक्रम होतं. १९७७ मध्ये बर्कलीत रेडिओवर सुरू झालं, मासिक झालं १९८२ मध्ये. २०१९ ला छापील अंक थांबला, रेडिओ कार्यक्रम चालूच राहिला. मी काही म्हणत नाही. फक्त सांगतोय.

आता नव्याकडे. सिडनीच्या स्पीड या बँडचा 'ओन्ली वन मोड' २०२४ मध्ये आला. त्यातल्या 'द फर्स्ट टेस्ट' या गाण्यात चक्क बासरी आहे. पाश्चात्त्य पद्धतीची, धातूची. ती वाजवतो कोण? उरलेला वेळ जो नरड्याच्या शिरा ताणून ओरडत असतो तोच, जेम सिओ. हा गृहस्थ बासरीचा शिक्षक आहे. पहिल्यांदा ऐकताना बासरी गंमत म्हणून टाकलीय असं वाटतं. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्याशिवाय गाणं लंगडं वाटेल. म्हणून म्हणतो, तीनदा.

याच बँडकडे ब्रेकडाउन कसा असावा तेही ऐकून घ्या. सुसाट पळणारं गाणं एकदम निम्म्या लयीवर येतं आणि अंगावर बसतं, तो ब्रेकडाउन. संथ झाल्यावर जड वाटतं, ही सगळी जादू तेवढीच. आणि संथपणाचा विषय निघालाच आहे, तर ती गोष्ट सांगून टाकतो. जुने श्रोते म्हणतील, परत? हो, परत.

रात्रीचा हा कार्यक्रम तेव्हा नुकताच माझ्याकडे आला होता. एक दिवस टपालानं पुठ्ठ्याचं पाकीट आलं. आत सात इंची रेकॉर्ड. तिचं कव्हर म्हणजे मधोमध दुमडलेला फोटोकॉपीचा कागद. काळा रंग इतका कच्चा की बोट लावलं की बोट काळं. आत गाण्यांचे शब्द, मुंगीच्या अक्षरात. मधल्या लेबलवर एका बाजूला कुत्र्याचं तोंड, दुसऱ्या बाजूला त्याच कुत्र्याची शेपटी. पहिली बाजू कुठली हे त्यावरून ओळखायचं, तोंड आधी की शेपटी आधी ते तुमचं तुम्ही बघा. लेबलवर बँडचं नाव नाही, गाण्यांची नावं नाहीत आणि वेग नाही. वेग लिहिलेला नाही, हे लक्षात ठेवा.

सात इंची रेकॉर्ड सहसा ४५ च्या वेगानं, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्या घेत, वाजते हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होतं. पण हार्डकोरवाले कधी कधी ती ३३ वर काढतात, कारण तेवढ्याच जागेत जास्त मिनिटं मावतात. ४५ ला सुईखालून दर सेकंदाला जास्त खोबणी जाते, म्हणून आवाज खणखणीत, पण एका बाजूला चार-पाच मिनिटंच धड बसतात. ३३ ला आवाज थोडा बोथट, मिनिटं मात्र जास्त. या पाकिटावर आठ गाणी होती. आठ गाणी म्हणजे ३३ च असणार, असा मी हिशोब केला. आधी एकदा लावून बघायला काय झालं होतं? काही नाही. आळस. थेट प्रसारणात सुई टेकवली.

आणि काय आवाज आला म्हणता! जमिनीखालून आल्यासारखा. ड्रम ऐकून वाटावं, कुणी भरलेलं लोखंडी कपाट जिन्यावरून एकेक पायरी खाली उतरवतंय. गिटारी म्हणजे ओल्या मातीचा ढिगारा. आणि गाणारा माणूस! असला खर्ज मी पंकमध्ये कधी ऐकला नव्हता. दोन्ही बाजू लावल्या, मग माइक उघडला आणि चांगली पाच मिनिटं बोललो. सगळे वेगामागे धावत असताना संथ वाजवायला केवढी छाती लागते, वगैरे. 'या गायकाच्या आवाजात वयाचं ओझं आहे,' असं एक वाक्य टाकलं. त्या वाक्यावर मी इतका खूश होतो की घरी जाताना ते पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. 'ती रेकॉर्ड ४५ वर लावा. आणि तो गायक नाही, गायिका आहे.' खाली सही नाही.

स्टुडिओ रिकामा होईपर्यंत थांबलो. दार लावलं. बटण ४५ वर नेलं. खुर्ची ओढून बसेपर्यंत पहिलं गाणं संपलं होतं. कपाट जिन्यावरून कुणी उतरवत नव्हतं, ते गच्चीवरून फेकून दिलं होतं. ज्याला मी मातीचा ढिगारा म्हणालो त्या गिटारी करवतीसारख्या चालत होत्या. ड्रमचा ठेका सरळ डी-बीट, डिस्चार्ज या इंग्लिश बँडमुळे रूढ झालेला, त्यांच्या नावातला डी. बालवाडीतला हार्डकोरवालासुद्धा तो झोपेत ओळखेल. आणि वयाचं ओझं वाहणारा तो माझा गायक म्हणजे विशी-बाविशीची पोरगी, जीव खाऊन ओरडत होती.

मग कागद घेऊन गणित केलं. ४५ आणि ३३ यांच्यात सव्वापटीहून जास्त फरक पडतो, नेमका १.३५. म्हणजे सात मिनिटांची रेकॉर्ड मी साडेनऊ मिनिटं वाजवली. आणि सुराचं म्हणाल, तर सा थेट मंद्र पंचमावर जाऊन बसतो. ती बिचारी सा लावत होती आणि मी श्रोत्यांना खालचा पंचम ऐकवून वर त्यावर भाष्य करत होतो.

पुढच्या आठवड्यात माफी मागितली आणि संपूर्ण रेकॉर्ड पुन्हा लावली, ४५ वर. ही तिसरी खेप. एकदा चुकीची, एकदा एकट्यानं, एकदा तुमच्यासोबत. या वेळी शब्दांचा कागद समोर धरला होता. शेवटचं गाणं चाळीस सेकंदांचं. त्यात आई रात्रपाळीवरून घरी येते. पोरीची झोप मोडू नये म्हणून दारातच चपला काढून हातात घेते. पोरगी जागीच असते. संपलं गाणं. एवढंच सांगायला ती इतकं ओरडते, आणि ओरडताना आई या शब्दाशी तिचा आवाज फाटतो. आधीच्या दोन खेपांना ते मला ऐकूच आलं नव्हतं. माझा तीनदाचा नियम तिथून आला, कुठल्या पुस्तकातून नाही.

बँडला पत्र लिहिलं. सगळा गुन्हा कबूल केला, कार्यक्रमाची कॅसेटही सोबत पाठवली, माझ्या त्या वाक्यासकट. उत्तर नाही. आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा तसंच पुठ्ठ्याचं पाकीट. त्यांची दुसरी रेकॉर्ड. चिठ्ठी नाही, काही नाही. लेबलवर पुन्हा कुत्रा, पुन्हा वेग नाही. पण गाणी संपल्यावर लेबलच्या आधी जी गुळगुळीत काळी पट्टी असते ना, तिथे नमुन्याची तबकडी कापणारा टोकदार हत्यारानं क्रमांक कोरतो. पंकवाले तिथे निरोपही कोरून घेतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरली की दिसतो. मी सवयीनं धरली. शेपटीच्या बाजूला, क्रमांकापुढे, वेड्यावाकड्या अक्षरात कोरलेलं होतं. मराठीत सांगायचं तर, '४५ वर, आजोबा.'

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो.

काचेपलीकडून आमच्या निर्मात्या बाई तीन बोटं दाखवतायत. तीन मिनिटं राहिली म्हणजे. तीन मिनिटांत या लोकांनी चार गाणी संपवली असती, तर मीही घाई करतो.

सोल ग्लो, फिलाडेल्फियाचे. 'डायस्पोरा प्रॉब्लेम्स', २०२२. शब्द इतके दाट की कागदाशिवाय ऐकायचं नाही. कागद समोर घ्या, मग लावा, आणि तीनदा. टोकियोचा गॉझ. १९८१ मध्ये निघालेला बँड. चाळीस वर्षांत पूर्ण लांबीचे अल्बम सहा. सहावा आला २०२१ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी दुकान बंद. दर शुक्रवारी काहीतरी बाजारात टाकलंच पाहिजे असं मानणाऱ्यांनी या सहावर जरा थांबावं. सँटा क्रूझच्या स्काउलचा 'आर वी ऑल एंजल्स', २०२५. ओरडणं कमी झालंय, चाली वाढल्यात. जुने चाहते रुसलेत. रुसू देत, चाली चांगल्या आहेत. आणि बाल्टिमोरच्या टर्नस्टाइलचा 'नेव्हर इनफ', तोही २०२५ चा. हे आता अंडरग्राउंड उरले नाहीत, मोठ्या मैदानात वाजवतात. हे हार्डकोर आहे की नाही यावर जे भांडण चाललंय ते मला अल्बमपेक्षा जास्त आवडतं. अर्धा अल्बमही आवडतो.

नवं कुठे शोधायचं, तर बहुतेक छोटे बँड आधी चार गाण्यांचा डेमो बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर टाकतात, मग कॅसेट, मग सात इंची. २०२० च्या मार्चपासून बँडकॅम्प ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडून देतं. एरवी डिजिटल विक्रीवर ते साधारण पंधरा टक्के कापतं. म्हणून छोटे बँड नवी रेकॉर्ड नेमकी त्या शुक्रवारी काढतात. घ्यायचीच असेल तर तेव्हा घ्या. आणि कृपा करून एकच रेकॉर्ड पाच रंगांत घेऊ नका. निळ्या रेकॉर्डमधून निळा आवाज येत नाही. पाच रंगांच्या पैशांत पाच बँडांच्या रेकॉर्ड येतात. शिवाय ते लोक त्या फोडतही नाहीत, प्लास्टिकसकट भिंतीवर लावतात. भिंतीला कान असतात हे खरं, पण... असो. बाई आता एकच बोट दाखवतायत.

तर लावतो. कुत्र्याच्या लेबलवाली, शेपटीची बाजू, शेवटचं गाणं. आवाज कमी करा. चाळीसच सेकंद आहे, त्यामुळे तीनदा लावणार आहे.

वेग बघितलाय. थांबा, पुन्हा एकदा बघतो.