कॅलिफोर्नियात शिक्षक व्हायचंय? क्रेडेन्शियल आणि क्रॉस-कल्चरल मास्टर्स एकत्र करताना

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत शिकवायचं आहे आणि सोबत क्रॉस-कल्चरल एज्युकेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींतल्या मुलांना शिकवण्याच्या विषयात, मास्टर्सही करायचं आहे, अशांसाठी आजचा व्हिडिओ. बरीच विद्यापीठं हे दोन्ही एकत्र देतात. कॅम्पस एक, कोर्सही बरेचसे तेच, त्यामुळे आपण एकच गोष्ट करतोय असं वाटत राहतं. तसं नाही. मास्टर्स विद्यापीठ देतं. क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, राज्य देतं: सॅक्रामेंटोचं कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग, थोडक्यात सीटीसी. विद्यापीठ तिथे तुमची फक्त शिफारस करतं. दोघांच्या अटी वेगळ्या, मुदती वेगळ्या, आणि अडकायच्या जागाही वेगळ्या.

शाळेतली नोकरी मिळते ती क्रेडेन्शियलवर. त्यामुळे कुठेही दोन्हींची ओढाताण झाली, वेळेची किंवा पैशांची, तर क्रेडेन्शियल आधी. मास्टर्सचे उरलेले कोर्स नोकरी लागल्यावरही करता येतात.

[स्क्रीनवर: मल्टिपल सब्जेक्ट / सिंगल सब्जेक्ट / एज्युकेशन स्पेशालिस्ट]

प्रकार निवडणं सोपं आहे. प्राथमिक शाळेत एकाच वर्गाला सगळे विषय शिकवायचे तर मल्टिपल सब्जेक्ट. मिडल स्कूल किंवा हायस्कूलमध्ये गणित, विज्ञान असा एक विषय शिकवायचा तर सिंगल सब्जेक्ट. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी एज्युकेशन स्पेशालिस्ट. अगदी लहान मुलांसाठी आता प्रीके, म्हणजे बालवाडी, ते तिसरी असं वेगळं क्रेडेन्शियलही आलं आहे.

आता भारतात शिकलेल्यांची सगळ्यात मोठी अडचण. सीटीसीला अमेरिकन बॅचलर्स किंवा तिच्या तोडीची पदवी लागते. परदेशी पदवी थेट चालत नाही. सीटीसीने मान्य केलेल्या एजन्सीकडून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. आपली बीए, बीकॉम, बीएस्सी तीन वर्षांची असते आणि अमेरिकेतली चार वर्षांची. तीन वर्षांची पदवी बॅचलर्सच्या तोडीची धरायची की नाही, यावर एजन्सींचे निकष सारखे नाहीत. म्हणून तुमच्याकडे पुढची एमए, एमएस्सी किंवा बीएड असेल, तर ती कागदपत्रंही त्याच अर्जात द्या. नुसती पहिली पदवी पाठवून अहवाल कमी पडला की फी परत भरा, महिने परत घालवा.

अहवाल मागताना कोर्स-बाय-कोर्स मागा. स्वस्तातला साधा अहवाल पदवी कोणत्या पातळीची आहे एवढंच सांगतो. पुढे विषयज्ञान सिद्ध करताना कोणते विषय, किती युनिट म्हणजे क्रेडिट, हे लागतंच. आणि ट्रान्स्क्रिप्ट भारतातल्या विद्यापीठातून सीलबंद यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी सुरू करा.

तुम्ही भारतात बीएड केलं असेल, तर इथे जरा थांबा. परदेशात शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी सीटीसीचा वेगळा मार्ग आहे. बीएड तोडीचं ठरलं, तर इथला अख्खा प्रशिक्षण कार्यक्रम पुन्हा न करता प्रिलिमिनरी, म्हणजे सुरुवातीच्या, क्रेडेन्शियलसाठी अर्ज करता येतो. हे न तपासता क्रेडेन्शियल आणि मास्टर्सच्या जोड-कार्यक्रमात प्रवेश घेतला, तर गरज नसलेल्या कोर्सचे हजारो डॉलर जातात. अशांनी आधी क्रेडेन्शियलचा अर्ज करावा, आणि मास्टर्स हवं असेल तर ते सुटं करावं.

पूर्वी इथे सीबेस्ट नावाची मूलभूत कौशल्यांची परीक्षा सगळ्यांना धाकात ठेवायची. 2024 मध्ये कायदा बदलला आणि आता बॅचलर्स पदवीवर ती अट पूर्ण होते. जुने व्हिडिओ बघून सीबेस्टची पुस्तकं विकत घेऊ नका. विषयज्ञानाचंही तसंच. 2021 पर्यंत बहुतेकांना सीसेट ही परीक्षा द्यावी लागायची. आता त्या विषयातली पदवी किंवा योग्य कोर्सवर्क दाखवूनही काम होतं. काही विषय पदवीत आणि काही परीक्षेत असं मिश्रणही चालतं. सीसेट द्यावीच लागली, तर प्रत्येक भागात 220 गुण लागतात. आणि भाग सुटे देता येतात, तेव्हा सगळे एकाच दिवशी देण्याचा हट्ट नको.

बोटांचे ठसे लाइव्ह स्कॅन केंद्रावर द्यायचे. ते राज्याच्या न्याय विभागाकडे आणि एफबीआयकडे जातात, आणि सीटीसीकडून सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स मिळतं. ते नसेल तर शाळेत सराव सुरूच होत नाही. अमेरिकन राज्यघटनेवर एक कोर्स किंवा परीक्षाही लागते. भारतात शिकलेल्यांच्या ट्रान्स्क्रिप्टवर ती नसणारच, आणि हे कित्येकांच्या लक्षात येतं अगदी शेवटी, शिफारशीच्या वेळी. पहिल्याच सेमिस्टरला उरकून टाका.

[स्क्रीनवर: 600 तास]

प्रत्यक्ष वर्गातला सराव किमान 600 तासांचा. तो करायचे मुख्य रस्ते दोन. स्टुडंट टीचिंगमध्ये तुम्ही अनुभवी शिक्षकाच्या वर्गात शिकता. पगार सहसा नसतो, पण चूक झाली तर सावरायला माणूस शेजारी असतो. इंटर्न मार्गात 120 तासांचं पूर्वप्रशिक्षण आणि विषयज्ञान पूर्ण करून, नोकरीची ऑफर हातात घेऊन, तुम्ही थेट स्वतःचा वर्ग घेता. पगारही मिळतो. इंटर्न क्रेडेन्शियल दोन वर्षांचं असतं. पण दिवसभर वर्ग, संध्याकाळी विद्यापीठ, आणि त्यावर मास्टर्सचं संशोधन, हे तिन्ही एकाच वर्षात पेलणं फार जड जातं. इंटर्न व्हायचं असेल, तर मास्टर्सचे कोर्स क्रेडेन्शियलनंतर ठेवा, असंच आम्ही सांगू.

आता या सगळ्यात क्रॉस-कल्चरल कुठे येतं? कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत साधारण दहा लाख मुलं इंग्रजी शिकणारी म्हणून नोंदलेली आहेत. 1974 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला म्हणजे समान शिक्षण दिलं असं होत नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी ते शिक्षण बंदच आहे. त्या वाटेने पुढे क्लॅड आलं: क्रॉस-कल्चरल, लँग्वेज अँड अकॅडेमिक डेव्हलपमेंट. आज ही इंग्रजी शिकणाऱ्यांना शिकवण्याची परवानगी इथल्या प्रिलिमिनरी क्रेडेन्शियलमध्येच अंतर्भूत असते. बाहेरदेशी प्रशिक्षण झालेल्यांना मात्र ती वेगळी मिळवावी लागते, सीटेलच्या तीन परीक्षा किंवा मान्य कोर्स करून. ते कोर्स मास्टर्समध्ये धरले जातात का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा.

परवानगी क्रेडेन्शियलमध्येच मिळते, मग मास्टर्समध्ये वेगळं काय? खोली. भाषा-शिक्षणाचे संशोधक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलेला फरक घ्या. खेळताना, डबा खाताना बोलायची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलतं. पाठ्यपुस्तकाची, युक्तिवादाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल फाडफाड इंग्रजी बोलतं, पण विज्ञानाच्या प्रश्नाचं उत्तर लिहू शकत नाही. शिक्षक म्हणतो, भाषा तर येते, म्हणजे अभ्यासच करत नाही. वर्षानुवर्षं इंग्रजी शिकणारी म्हणूनच राहणारी मुलं अशीच निसटत जातात. त्यांना वेळीच ओळखायला आणि धड्याची रचना त्याप्रमाणे बदलायला चांगलं मास्टर्स शिकवतं.

याची पहिली कसोटी मात्र क्रेडेन्शियलच्या वेळीच लागते, कॅलटीपीए या मूल्यांकनात. तुम्ही स्वतःच्या धड्याचं नियोजन, व्हिडिओ आणि लेखी विश्लेषण पाठवता, आणि बाहेरचे परीक्षक गुण देतात. पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे टप्प्यात, वर्गातली तीन मुलं निवडायची असतात: एक इंग्रजी शिकणारं, एक निदान झालेली विशेष गरज असलेलं, आणि एक ज्याच्या आयुष्यातल्या परिस्थितीमुळे त्याला जास्त आधार लागतो असं. लोक गुण घालवतात ते पहिल्या मुलावर. "चित्रं दाखवीन, जोडीदार देईन" असं लिहिलं तर ते कुठल्याही मुलाला लागू पडतं. परीक्षकाला हवं असतं ते असं: या मुलाची एल्पॅक या इंग्रजी-प्रावीण्य चाचणीतली पातळी दोन आहे, बोलताना वाक्य पूर्ण होतं पण कारण देता येत नाही, घरी लहान भावाला तो हिशेब समजावतो, म्हणून या धड्यात कारण सांगायची वाक्याची चौकट दिली आणि जोडीला आधी त्याच्या भाषेत बोलू दिलं. मुलाला काय येतं इथून सुरुवात, आणि आधार नेमका त्या धड्याच्या भाषेशी जोडलेला.

व्हिडिओची काळजी वेगळीच घ्यावी लागते. क्लिप संपादित केलेली चालत नाही. पालकांची लेखी संमती नसलेली मुलं चौकटीबाहेर बसवा. आणि माइक मुलांजवळ ठेवा, कारण मुलांचं बोलणंच ऐकू आलं नाही, तर ती शिकली याचा पुरावा उरत नाही. मल्टिपल सब्जेक्टवाल्यांसाठी आणखी एक बदल: रायका ही वाचन-अध्यापनाची परीक्षा 2025 मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी साक्षरतेवरचं प्रत्यक्ष मूल्यांकन आलं.

आता मास्टर्सचा शेवटचा भाग, थीसिस किंवा कृतिसंशोधन. विषय छोटा ठेवा: एक वर्ग, एक बदल, काही आठवडे. खरा खोळंबा होतो तो परवानगीत. मुलांवर संशोधन करायचं, तर विद्यापीठाच्या आयआरबी, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या, समितीची मान्यता लागते, सोबत शाळेची किंवा डिस्ट्रिक्टची (शाळांचा कारभार बघणाऱ्या स्थानिक संस्थेची), आणि पालकांची संमती. मान्यतेआधी गोळा केलेल्या वह्या, मुलाखती संशोधनात वापरता येत नाहीत. शाळेचं वर्ष जूनच्या आसपास संपतं, म्हणजे मान्यता एप्रिलमध्ये आली तर वर्गच हातातून गेला. वसंत सत्रात माहिती गोळा करायची, तर अर्ज त्याआधीच्या शरद ऋतूतच जायला हवा.

पैशांकडे येऊ. फेडरल टीच ग्रँट वर्षाला 4,000 डॉलरपर्यंत असते, पण अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डधारक अशा पात्र लोकांनाच. एच-4वर, म्हणजे एच-1बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असणाऱ्यांना नाही. बदल्यात आठ वर्षांत चार वर्षं कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळेत, गरजेच्या विषयात शिकवायचं. ही अट मोडली, तर सगळी रक्कम व्याजासकट कर्ज होऊ शकते. एच-4वाल्यांनी आणखी एक बघावं: नोकरीसाठी क्रेडेन्शियलबरोबर ईएडी, म्हणजे कामाची परवानगी देणारं कार्डही, चालू असायला हवं. त्याची मुदत इंटर्नशिपच्या मधेच संपत नाही ना, हे आधी तपासा.

प्रिलिमिनरी क्रेडेन्शियल पाच वर्षांचं असतं आणि त्याचं सरळ नूतनीकरण होत नाही. त्या मुदतीत साधारण दोन वर्षांचा इंडक्शन, म्हणजे नव्या शिक्षकांना मार्गदर्शन देणारा, कार्यक्रम पूर्ण करून क्लिअर, म्हणजे पक्कं, क्रेडेन्शियल घ्यायचं. बऱ्याच डिस्ट्रिक्ट तो मोफत देतात. मुलाखतीतच विचारून घ्या.

आणि पगार. डिस्ट्रिक्टच्या तक्त्यात खाली जाणाऱ्या ओळी म्हणजे अनुभवाची वर्षं, आणि आडवे स्तंभ म्हणजे बॅचलर्सनंतरची युनिट. मास्टर्सचा वेगळा भत्ता काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी नसतो. क्रेडेन्शियलची युनिटही सहसा बॅचलर्सनंतरची म्हणून धरली जातात, म्हणून रुजू होताना सगळ्या ट्रान्स्क्रिप्ट द्या, भारतातल्या एमएच्या मूल्यमापनासकट. स्तंभ बदलण्यासाठी कागद देण्याची मुदत करारात लिहिलेली असते. ती एका दिवसाने हुकली, तर वाढ पुढच्या वर्षावर जाते, म्हणून मास्टर्सची पदवी ट्रान्स्क्रिप्टवर चढण्याची तारीख रजिस्ट्रारकडून आधीच लेखी घेऊन ठेवा.