घोरणाऱ्या माणसाचा रात्रीचा रक्तदाब

दवाखान्यात रक्तदाब 128/82 भरला की डॉक्टर आणि रुग्ण दोघेही निर्धास्त होतात. पण तोच रुग्ण रात्री मोठ्याने घोरत असेल, मध्येच त्याचा श्वास अडकतो असे घरची माणसे सांगत असतील आणि दुपारी त्याला बसल्या जागी डुलकी लागत असेल, तर केवळ त्या आकड्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही लक्षणे स्लीप ॲप्नियाची असू शकतात; या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. हवा किमान 10 सेकंद थांबली तर तो श्वासरोध धरतात; असे पूर्ण किंवा अर्धवट अडथळे तासाला 15 किंवा अधिक असतील तर आजार मध्यम, आणि 30 किंवा अधिक असतील तर तीव्र मानला जातो. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू घटतो, शरीर दचकल्यासारखे अर्धवट जागे होते, सिम्पथेटिक (शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी) मज्जासंस्था रक्तवाहिन्या आवळते आणि श्वास सुरू होताच दाब उसळी घेतो. ही उत्तेजना रात्रीपुरती राहत नाही, हळूहळू दिवसाही टिकून राहते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे लोकांचा चार वर्षे पाठपुरावा करून 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तासाला 15 किंवा अधिक अडथळे असणाऱ्यांना उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता, अजिबात अडथळे नसणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ तिप्पट आढळली.

दवाखान्यात 140/90 च्या खाली, पण बाहेर मात्र वाढलेला, अशा दाबाला आपण छुपा उच्च रक्तदाब म्हणतो. तो पकडण्याचे भरवशाचे साधन म्हणजे दंडाला बांधून घरी न्यायचे 24 तासांचे यंत्र, ज्याला ॲम्ब्युलेटरी बीपी मॉनिटर म्हणतात. त्याची पूर्ण दिवसाची सरासरी 130/80, जागेपणीची 135/85 किंवा झोपेतली 120/70 इतकी वा त्याहून अधिक भरली, तर निदान होते. निरोगी माणसाचा दाब झोपेत 10 ते 20 टक्के उतरतो. श्वासरोधाच्या रुग्णात तो पुष्कळदा तेवढा उतरत नाही, कधी तर वाढतो. घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ दाब मोजणे उपयुक्त खरे, पण झोपेतला दाब त्यातून निसटतोच.

या तपासणीत चुका बहुधा साध्या गोष्टींत होतात. स्थूल रुग्णाच्या दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. पट्टा फुगताना झोपमोड होते, म्हणून रात्री नीट झोप लागली होती का, हे अहवाल वाचण्यापूर्वी विचारावे. झोपल्याची आणि उठल्याची वेळ रुग्णाने स्वतः लिहून ठेवावी. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाची ‘रात्र’ सकाळी नऊला सुरू होते, आणि यंत्राला हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

निदानानंतर सीपॅप यंत्राने, म्हणजे झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राने, श्वासमार्ग उघडा ठेवला तरी दाब सरासरी दोन-तीन मिलिमीटरच उतरतो. स्पेनमध्ये औषधांना न जुमानणारा रक्तदाब असलेल्या 194 रुग्णांवरील चाचणीत 12 आठवड्यांत 24 तासांची सरासरी सुमारे तीन मिलिमीटरने उतरली, मात्र रात्री दाब उतरण्याचा क्रम अधिक जणांत पूर्ववत झाला. त्यामुळे सीपॅप मिळाले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; काही महिन्यांनी 24 तासांची तपासणी पुन्हा करून मगच डॉक्टरांनी मात्रा ठरवावी.