युवराज, पोलीस आणि दोन रिक्षावाले

श्रोतेहो, नमस्कार.

घरी पाहुणे यायचे म्हटले की काय काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पलंगपोस बदलतात, पोरांना दम भरला जातो आणि वरच्या फळीवरच्या कपबशा खाली उतरतात. देशांकडे पाहुणे येतात तेव्हाही हेच होतं. त्यातून यजमान जपान असेल तर विचारूच नका. तिथं पाहुण्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात वरची पायरी राजे आणि राष्ट्राध्यक्षांची. असा पाहुणा वर्षाला एखाद-दुसराच येतो. टोकियोच्या राजवाड्यात सम्राट स्वतः त्याचं स्वागत करतात आणि रात्री तिथंच मेजवानी होते. त्याखाली मग पंतप्रधान, कामासाठी आलेले पाहुणे, अशी उतरंड. आपल्याकडून कोणी तिकडे गेलं, तिकडून कोणी वाराणसीला येऊन गंगेची आरती पाहून गेलं, हे आपण बातम्यांत बघतोच.

आज मी जपानमधल्या अशाच सरकारी पाहुण्यांबद्दल बोलणार आहे. खरं सांगायचं तर मला एकच गोष्ट सांगायची आहे. बाकीचं तिच्या मागेपुढे.

साल लक्षात ठेवा, १८९१. पुन्हा सांगते, १८९१. जपानचे दरवाजे परक्यांना उघडून जेमतेम चार दशकं झाली होती. आलेल्या पाहुण्यांकडे पाहुणा म्हणून बघायचं की संकट म्हणून, हेच ठरत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी हवाईचे राजे कालाकाउआ येऊन गेले होते. जपानला भेट देणारा गादीवर असलेला पहिला परदेशी राजा तो. त्यांनी भेटीत आपल्या लहानग्या भाचीसाठी जपानी राजपुत्राचं स्थळच सुचवलं! जपाननं नम्रपणे नकार कळवला. पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं पत्रिका काढणं हे आपल्याकडेही काही नवीन नाही.

तर १८९१. त्या वर्षी पाहुणा येणार होता रशियाचा युवराज. नाव निकोलस, वय बावीस. हाच पुढे रशियाचा शेवटचा झार झाला. बापानं, म्हणजे तिसऱ्या अलेक्झांडरनं, त्याला पूर्वेच्या सफरीवर धाडलं होतं. आणि श्रोतेहो, ही सफर आपल्या मुंबईवरूनच गेलेली. डिसेंबर १८९० मध्ये तो मुंबईला उतरला. बरोबर धाकटा भाऊ जॉर्ज होता, पण त्याची तब्येत इतकी बिघडली की त्याला मुंबईहूनच माघारी पाठवावं लागलं. राहिला दुसरा जॉर्ज, ग्रीसचा राजपुत्र, निकोलसचा मामेभाऊ. हा दुसरा जॉर्ज विसरू नका. आणि त्याच्या हातातली काठीही विसरू नका, ती अजून यायची आहे.

एप्रिलच्या अखेरीस ही मंडळी नागासाकीला पोचली. जपाननं सगळं काही पणाला लावलं होतं. रशिया मोठा, शेजारी आणि सैन्यानं बलाढ्य. युवराजाला नागासाकीतलं काय आवडलं असेल? गोंदण! उजव्या हातावर त्यानं चक्क ड्रॅगन गोंदवून घेतला. राजपुत्र असला तरी शेवटी बावीस वर्षांचा पोरगाच.

पुढे कागोशिमा, कोबे, मग क्योटो. क्योटोजवळ बिवा नावाचं प्रचंड सरोवर आहे आणि त्याच्या काठी ओत्सू हे गाव. ११ मे रोजी पाहुणे ओत्सूला सहलीला गेले. सरोवर पाहिलं, तिथल्या सरकारी कचेरीत दुपारचं जेवण झालं आणि परतीला सगळे रिक्षांत बसले.

आता इथं जरा थांबते. रिक्षा हा शब्दच मुळी जपानी. जिनरिकिशा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. माथेरानच्या हातरिक्षा ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. शब्द आपल्याकडे आला तेव्हा आपण त्यातला नेमका माणूसच गाळला.

तर अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना माणसं दाटीवाटीनं उभी. एकामागून एक रिक्षांची लांब रांग. मध्ये मध्ये बंदोबस्ताचे पोलीस. आणि या बंदोबस्तातलाच एक पोलीस, त्सुदा सान्झो, अचानक पुढे झाला, तलवार उपसली आणि युवराजाच्या डोक्यावर वार केला.

लक्षात घ्या, पाहुण्याच्या रक्षणासाठी उभा केलेला पोलीस. त्यानंच वार केला.

वार टोपीवरून कपाळाच्या उजव्या बाजूला बसला. दुसराही वार झाला. निकोलस रिक्षातून उडी टाकून पळत सुटला, त्सुदा त्याच्या मागे. तेवढ्यात मागच्या रिक्षातून ग्रीसचा जॉर्ज उतरला आणि त्यानं हातातली बांबूची काठी त्सुदाच्या डोक्यात हाणली. ही काठी त्यानं त्याच दिवशी तिथंच, आठवण म्हणून विकत घेतली होती! सहलीला गेल्यावर लोक उगाच काहीतरी घेतात म्हणून मी नेहमी कुरकुरते, पण या काठीपुढे मी गप्प बसते.

काठीनं त्सुदा अडखळला, पण पडला नाही. त्याला पाडलं ते रिक्षावाल्यानं. निकोलसच्या रिक्षावरचा मुकोहाता जिसाबुरो. त्यानं सरळ त्सुदाचे पाय धरून त्याला खाली ओढलं. तलवार हातातून निसटली. ती उचलली जॉर्जच्या रिक्षावरच्या कितागाइची इचितारो यानं आणि त्याच तलवारीनं त्सुदाला जायबंदी केलं. नावं अवघड आहेत, मान्य. पण मुकोहाता आणि कितागाइची, दोघे रिक्षावाले, एवढं धरून ठेवा. बंदोबस्त पोलिसांचा होता आणि पाहुणा वाचवला रिक्षावाल्यांनी.

युवराज वाचला. कपाळावर सुमारे नऊ सेंटिमीटरचा व्रण जन्मभर राहिला.

आता विचार करा, तुमच्या घरी आलेल्या पाहुण्याला तुमच्याच घरच्या माणसानं मारलं तर? जपान अक्षरशः हादरलं. पंतप्रधान मात्सुकाता यांना खुर्चीवर बसून पुरते पाच दिवस झाले होते. पाच दिवस! सम्राट मेइजी दुसऱ्या दिवशी सकाळीच टोकियोहून गाडीनं निघाले. रात्री क्योटोला पोचले आणि १३ तारखेला स्वतः युवराजाच्या बिछान्यापाशी जाऊन क्षमा मागितली. शाळांना सुट्ट्या, नाटकगृहं बंद. देशभरातून दहा हजारांवर तारा आल्या. यामागाता प्रांतातल्या एका गावानं तर ठरावच केला की आमच्या गावात यापुढे कोणी त्सुदा हे आडनाव आणि सान्झो हे नाव लावायचं नाही. यातलं काही हसण्यासारखं आहे, काही नाही. हाताके­यामा युको नावाच्या पंचविशीतल्या मोलकरणीनं देशाच्या वतीनं माफी म्हणून क्योटोच्या सरकारी कचेरीसमोर जीव दिला. तिचं पुढे फार कौतुक झालं. मला ते कौतुक वाचवत नाही. ज्यांचा बंदोबस्त चुकला ते मंत्री नुसते राजीनामे देऊन घरी गेले, आणि तिनं काय केलं होतं?

इकडे झारनं पोराला परत बोलावलं. टोकियोची भेट रद्द. निकोलस कोबे बंदरात आपल्या जहाजावर जाऊन राहिला. निघण्यापूर्वी सम्राटांनी त्याला किनाऱ्यावर जेवायला बोलावलं. डॉक्टरांनी जहाज सोडायला मनाई केली म्हणून निकोलसनंच उलट आमंत्रण दिलं, तुम्हीच जहाजावर या. झालं, मंत्र्यांच्या पोटात गोळा. रशियनांनी नांगर उचलला आणि सम्राटांना घेऊन गेले तर? भीती अगदीच खुळी नव्हती. नऊच वर्षांपूर्वी चिनी लोकांनी कोरियाच्या राजाच्या बापाला असंच उचलून चीनला नेलं होतं. पण सम्राट म्हणाले, मी जाणार. १९ मेला गेले, जेवले आणि सुखरूप परत आले.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी राजकीय भेट हीच. ना लाल गालिचा, ना तोफांची सलामी. एक माणूस भीती बाजूला ठेवून दुसऱ्याच्या ताटाला ताट लावून जेवला. आपल्याकडे तर गल्लीतल्या वाचनालयाचा वर्धापनदिन असला तरी अर्धा तास शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. मंचावरच्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, एखादं राहिलं की तो रुसायचा. ते पुष्पगुच्छ कार्यक्रम संपल्यावर कुठं जातात हे मी एकदा पाहिलंय. जाऊ दे. विषय जपानचा आहे.

त्सुदानं हे का केलं? तो जुना सैनिक होता. १८७७ च्या बंडात सायगो ताकामोरी या बंडखोर सेनानीविरुद्ध सरकारी बाजूनं लढून त्यानं पदक मिळवलं होतं. सायगो त्याच बंडात मेला. पण लोकांचा विश्वास बसेना. आपल्याकडे नानासाहेब पेशवे नेपाळात आहेत, परत येणार आहेत, असं लोक कितीतरी वर्षं बोलत होते की नाही? तसंच तिथं. सायगो रशियात आहे आणि युवराजाच्या जहाजातून परत येतोय, अशी अफवा उठली. मग आपलं पदक काढून घेणार, असं त्सुदाच्या मनानं घेतलं म्हणतात. शिवाय हा युवराज सहलीच्या नावाखाली देशाची टेहळणी करतोय, असाही त्याचा संशय. आणि गंमत बघा, ज्या गृहमंत्र्याला या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला तो सायगो त्सुगुमिची, म्हणजे त्या मेलेल्या सायगोचाच सख्खा धाकटा भाऊ.

आता खटला. वेळ कमी आहे, थोडक्यात सांगते. सरकारला त्सुदा फाशी जायला हवा होता, म्हणजे रशिया शांत होईल. कायद्यात कलम ११६ होतं, सम्राट, सम्राज्ञी, युवराज यांच्या जिवावर उठणाऱ्याला मृत्युदंड. ते लावा, असा दबाव आला. सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश कोजिमा कोरेकाता म्हणाले, ते कलम जपानच्या राजघराण्यासाठी आहे, परक्या युवराजासाठी नाही. बाकी कोणासाठीही हा खुनाचा प्रयत्न आणि त्याला जास्तीत जास्त जन्मठेप. मंत्री ओत्सूला येऊन बसले, तरी २७ मेला निकाल लागला तो जन्मठेपेचाच. पुन्हा सांगते, जन्मठेप, फाशी नाही. जपानची राज्यघटना लागू होऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. रशिया कुरकुरला, पण चालून काही आला नाही. त्सुदाला होक्काइदोच्या तुरुंगात पाठवलं, तिथं तो त्याच सप्टेंबरात आजारानं मेला.

काही जण म्हणतात, कपाळावरच्या या व्रणामुळेच निकोलसनं जपानचा डूख धरला आणि १९०४ चं रशिया-जपान युद्ध झालं. मला हे पटत नाही. युद्ध मांचुरिया आणि कोरियासाठी झालं. कपाळासाठी कोणी एवढी माणसं मारत नाही.

राहिले आपले दोन रिक्षावाले. त्यांना रशियन जहाजावर बोलावलं, खलाशांनी त्यांना डोक्यावर घेतलं. रशियानं प्रत्येकी अडीच हजार येन रोख दिले आणि वर वर्षाला हजार येन निवृत्तिवेतन. जपान सरकारनं पदक दिलं आणि वर्षाला छत्तीस येन. हजार कुठं आणि छत्तीस कुठं! कितागाइची गावी इशिकावाला परतला, जमीन घेतली, लिहायला-वाचायला शिकला आणि स्थानिक मंडळावर निवडूनही आला. मुकोहातानं मात्र पैसा जुगारात आणि बायकांवर उडवला. पुढे १९०४ मध्ये युद्ध पेटलं, रशियाचे पैसे थांबले, आणि काल ज्यांना देशाची लाज राखणारे म्हणून मिरवलं त्यांनाच लोक रशियाचे हेर म्हणू लागले.

त्या दिवशीचा निकोलसचा रक्ताचा डाग पडलेला सदरा सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात जपून ठेवलाय. क्रांतीत मारल्या गेलेल्या झारच्या हाडांची ओळख पटवताना, शंभरहून अधिक वर्षांनी, त्या सदऱ्यावरच्या रक्ताचा उपयोग झाला. आणि ओत्सूत, जिथं वार झाला त्या रस्त्याच्या कडेला एक लहानसा दगड उभा आहे. रशियाच्या युवराजावर या जागेजवळ संकट आलं, एवढंच त्याच्यावर कोरलंय. मुकोहाता नाही, कितागाइची नाही.

नमस्कार.