विट्याच्या काट्यावर एक रुपया

हे नाणं नीट बघा. एक रुपया, १९८९ सालचा, पण चिमटीत धरला की नेहमीच्या रुपयापेक्षा बारीक लागतो. आठवडी बाजारात घेतलाय मी, विकणारा म्हणाला परदेशी ब्लँकवर पडलेला आहे, आणि मी चांगले पैसे मोजले, कारण असं खरंच होतं हे मला माहीत होतं.

होतं कसं, तर टांकसाळीत आधी कोरी चकती असते, तिलाच ब्लँक म्हणतात, मग वरून-खालून डायचा, म्हणजे कोरलेल्या ठशाचा, दाब बसतो आणि बाजूनं कॉलरचं कडं धरून ठेवतं. एकच टांकसाळ दोन-चार देशांची कामं घेते तेव्हा आधीच्या कामातली एखादी चकती पेटीच्या कोपऱ्यात अडकून राहते, आणि पुढच्या नाण्याचं काम सुरू झालं की तीही डायखाली जाते. अमेरिकेत १९४३ला युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचा केला, तरी ब्राँझच्या काही चकत्या त्यात गेल्याच. लोक मग पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन विकायला लागले, पण लोहचुंबक लावला की ते लगेच उघडं पडतं. आणि वजन, ब्राँझचा ३.११ ग्रॅम, पोलादाचा २.७च्या आसपास.

आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. १९८८ची २५ पैशाची काही नाणी कॅनडात पाडून घेतलेली, सालाखाली बारीक 'सी' असतो. १९८५च्या रुपयावर 'एच' दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. ही सरकारनं रीतसर करून घेतलेली नाणी, ह्यात चूक काहीच नाही, तरी एरर, म्हणजे चुकून पडलेलं नाणं, म्हणून विकतात, वाईट वाटतं बघून.

तर हा रुपया घेऊन मी विट्याला गेलो, आबांकडे. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, गलाईवाले म्हणतात त्यांना, आबांचंही सगळं आयुष्य त्यातच गेलं. त्यांनी नाण्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "आरं आदी वजन कर की."

असली रुपया ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर. हा भरला ४.६०. माझा आनंद गगनात मावेना, म्हटलं आबा बघा, वेगळाच ब्लँक आहे! मग आबांनी काट्यावर पाण्याचा पेला ठेवला, आकडा शून्य केला, नाणं दोऱ्यानं पाण्यात सोडलं, तळाला टेकू न देता, अंगाचे बुडबुडे काडीनं झटकून. आकडा आला ०.५२, म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, तेच नाण्याचं आकारमान. आता ४.६० भागिले ०.५२, म्हणजे घनता ८.८५. तांबं-निकेलची घनता ८.९च्या जवळ असते, पोलाद असतं तर पावणेआठच्या आसपास आलं असतं. म्हणजे धातू तर आपल्या रुपयाचाच.

"ह्याला तेजाबानं खाल्लंय," आबा म्हणाले, आणि भिंग माझ्या हातात दिलं.

तेव्हा दिसलं. लहान चकतीवर डाय पडला असता तर कडेची अक्षरं चकतीबाहेर गेली असती, अर्धवट कापली असती, आणि चकती कॉलरला टेकलीच नसती म्हणून कडेला दाते उठले नसते. माझ्या नाण्यावर मजकूर पूर्ण होता, फक्त अक्षरं सुतासारखी बारीक झालेली आणि पृष्ठभाग खडबडीत, बारीक खड्डे पडलेला.

ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची प्रत ठरवायला, खरं नाणं आलं तरी इथंच लोक चुकतात असं मला वाटतं. अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन ह्या नाणेतज्ज्ञानं १९४९ला मांडलेली १ ते ७०ची मोजपट्टी आज बऱ्याच ठिकाणी वापरतात, ६० आणि त्यावर म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. पण परकी चकती पातळ असेल तर डायच्या सगळ्यात खोल जागी धातू पोचतच नाही, सिंहाच्या आयाळीवर रेषा उठत नाहीत, आणि बघणारा म्हणतो घासलंय. घासलेलं नाही ते, पडतानाच तसं पडलंय. टॉर्चखाली नाणं हळू तिरकं करा, चमक चाकाच्या आऱ्यांसारखी उंच भागावरूनही न तुटता फिरली तर झीज नाही. तिथंच कोऱ्या चकतीचे मूळचे ओरखडे दिसले तर उत्तमच, दाब तिथं पोचलाच नव्हता ह्याची खूण ती. झिजलेल्या नाण्यावर उंच भाग मंद, सपाट होतो. आणि कृपा करून चिंच, राख, पितांबरी लावू नका हो, ती चमक एकदा गेली की परत येत नाही.

मग उरतं चकती कुठल्या देशाची ते. वजन, व्यास आणि धातू, तिन्ही एखाद्या देशाच्या त्या काळच्या नाण्याशी जुळले, आणि त्या टांकसाळीनं त्या देशाचं काम केलेलं असलं, तरच नाव लिहायचं. सराफाकडच्या एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू तपासणाऱ्या, मशीनवर नाण्याला धक्का न लावता धातूची टक्केवारी मिळते. नाही जुळलं तर नुसतं 'परकी चकती' लिहून थांबायचं.

माझा रुपया मी फेकला नाही. पाकिटावर लिहिलंय, ४.६०, पाण्यात ०.५२, तेजाब. कुणी नवं नाणं दाखवायला आणलं की आधी भिंगाखाली हाच शेजारी ठेवतो.