हातातल्या भोंग्याची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात आंदोलन म्हटलं की पाय आपसूक पूनम गेटकडे वळतात. जिल्हा परिषदेच्या या फाटकासमोर कधी अंगणवाडी सेविका ठाण मांडून बसतात, कधी विडी कामगार, कधी उसाचं बिल थकलेले शेतकरी. स्टेज, जनरेटर, मोठे स्पीकर यातल्या बऱ्याच जणांना परवडत नाहीत. पण कुणाच्या तरी खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला एक भोंगा हमखास असतो. आज मला त्याची बाजू मांडायची आहे.

विडी कामगार बायकांचा मोर्चा डोळ्यांसमोर आणा. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई पहिल्यांदाच भोंगा हातात घेते. बटण दाबायच्या आधीच बोलायला लागते, म्हणून पहिला शब्द हवेत विरतो. मग तोंड अगदी माईकला लावते आणि आवाज फाटतो. शेजारची सांगते, “अक्का, चार बोटं लांब धर.” आणि मग ती आधी तेलुगूत, मग मराठीत मजुरीचा हिशोब मांडते, तो वरच्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत स्पष्ट पोचतो. तिचं म्हणणं तिच्याच तोंडून साहेबांच्या कानावर जातं. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे.

एवढ्याशा यंत्रात ही ताकद येते कुठून? आतला पातळ पडदा नुसता थरथरला तर हवा फारशी हलत नाही. पण अरुंद तोंडापासून रुंद होत जाणारा कर्णा तीच थरथर हवेला नीट सोपवतो आणि समोरच्या दिशेनं सोडतो. म्हणून काही सेलवर काम भागतं. आवाजातला खर्ज यात गळतो, कानाला तो कर्कश लागतो. पण क, त, स, च ही व्यंजनं ज्या वरच्या पट्टीत असतात ती शाबूत राहते. डीजेचं नेमकं उलटं. छाती धडधडते, शब्द एकही कळत नाही.

म्हणून या दोघांना एका मापानं मोजू नये, असं माझं ठाम मत आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम हवेतच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. सिव्हिलमध्ये पेशंट घेऊन रात्र काढलेल्या कुणालाही याचं मोल सांगावं लागत नाही. भोंगेवाल्यांनीही पथ्य पाळावं. सायरनचं बटण कशाला दाबायचं? त्यानं लहान मुलं दचकतात, मागणी कुणाला कळत नाही. कर्णा पुढच्या रांगेतल्या बायकांच्या किंवा बंदोबस्तावरच्या कॉन्स्टेबलच्या कानाशी धरू नका, डोक्यांच्या वर धरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. म्हणजे जवळच्याला किती सोसावं लागत असेल, बघा.

हातगाडीवर एकच रेकॉर्डिंग दिवसभर वाजवणाऱ्या भोंग्याची मात्र मी वकिली करणार नाही. विक्रेत्याचा घसा वाचतो हे मान्य. पण गल्लीत शिरल्यावर दोनदा वाजवून बंद करता येतोच की. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गर्दीत चुकलेल्या पोराचं नाव पुकारणारा भोंगा? तो हवाच हवा.

राहिला परवानगीचा प्रश्न. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लादला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या गावात गाऱ्हाणं मांडायला येणाऱ्याची वाट सोपी असावी. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, ती लागू दे. पण मोर्चाच्या परवानगीच्या कागदावरच हातातल्या भोंग्याची जागा आणि वेळ लिहून द्यावी, एवढीच पोलीस प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे. रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला त्यासाठी दुसरा हेलपाटा पडू नये.

नमस्कार.