रात्री नऊची भांडी

(वाशी. दाणा बाजार. सकाळ. माथाडीच्या पाठीवरून पोतं ट्रकात पडतं.)

या बाजारात तुरीला देशाच्या नावानं कोणी ओळखत नाही. म्यानमारहून आली की ती लेमन. टांझानियाची असली तर मटवारा, नाहीतर अरुशा. आणि मोझांबिकहून आली की गजरी. गाळ्यावर उभं राहून "गजरी काय भाव?" विचारलं की पुरतं. देशाचं नाव घ्यायची वेळच येत नाही.

(व्यापाऱ्याच्या तळहातावर तूर. बोट दाणे पसरवतं.)

मोझांबिक आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथल्या नांपुला, झांबेझिया या प्रांतांतले छोटे शेतकरी ही तूर पेरतात ती मुख्यतः भारतात विकायला. नाकाला किंवा बैरा बंदरात माल जहाजावर चढतो आणि समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो.

(न्हावा-शेवा. रस्त्यावरून दिसणाऱ्या क्रेन, कंटेनरच्या रांगा.)

२०१५ साल आठवत असेल. तूरडाळ दोनशे रुपये किलोला गेली होती आणि आमटी पातळ झाली होती. त्यानंतर जुलै २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी करार केला. वर्षाला १ लाख टन तूर, पुढे वाढत २ लाख टन. २०२१ मध्ये त्याची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली. हा करार ध्यानात असू द्या. आता जो आवाज ऐकू येईल, तो त्याच देशातला आहे.

(काळोख. फोनवरचं हलतं चित्रण. निवेदन थांबतं. दहा सेकंद फक्त भांडी.)

मापुतो, मोझांबिकची राजधानी. नोव्हेंबर २०२४. रात्रीचे नऊ. पातेली, झाकणं, तवे, बाल्कनीचे गज, जे हाताला लागेल ते वाजतं आहे. एका इमारतीत सुरू झालं की समोरची इमारत उत्तर देते. हे चित्रण ऐरोलीच्या एका इंजिनिअरनं केलं आहे. तेव्हा ते तिथं नोकरीला होते, चौथ्या मजल्यावर राहत होते. चित्रात फारसं काही दिसत नाही. आवाज ऐका.

(ऐरोली. घर. टेबलावर फोन. पडद्यावर एका छापील तक्त्याचा फोटो, हातानं भरलेले आकडे.)

आणि हा कागद बघा. भांडी का वाजली ते या कागदात आहे.

आपल्याकडे मतदान संपलं की यंत्रं सीलबंद होऊन स्ट्राँगरूममध्ये जातात आणि मोजणीच्या दिवशी उघडतात. मोझांबिकमध्ये मतं कागदी असतात आणि मोजणी त्याच रात्री त्याच केंद्रावर होते. शाळेचा वर्ग, चार बाकं, कंदील नाहीतर बॅटरीचा उजेड. मतपत्रिका एक एक करून उलगडायची, सगळ्यांना दाखवायची, खूण करायची. शेवटी पक्षवार आकडे तक्त्यात भरायचे, सह्या घ्यायच्या आणि तो तक्ता केंद्राच्या दाराबाहेर चिकटवायचा. गावातल्या कोणीही यावं, वाचावं, फोनवर फोटो काढावा. मग तेच आकडे जिल्ह्याला, तिथून प्रांताला, तिथून राजधानीला जातात.

दाराबाहेरचा तक्ता ही मतदाराच्या हातातली एकमेव पावती. ९ ऑक्टोबर २०२४ ला मतदान झालं आणि त्या रात्रीपासून हजारो लोक या पावत्यांचे फोटो काढून एकमेकांना पाठवत होते. दारावर एक आकडा आणि जिल्ह्याच्या कागदावर दुसरा, असं दिसू लागलं. आमच्या इंजिनिअर मित्राच्या फोनमध्ये त्याच्या तिथल्या सहकाऱ्यांनी पाठवलेले असे फोटो अजून आहेत. त्यानं ते पुसलेले नाहीत.

(फोटो एकामागून एक सरकतात.)

२४ ऑक्टोबरला निवडणूक आयोगानं निकाल दिला. फ्रेलिमो पक्षाचे दानिएल शापो ७० टक्क्यांहून जास्त मतांनी विजयी. १९७५ ला पोर्तुगालपासून स्वातंत्र्य मिळाल्यापासून हाच पक्ष सत्तेवर आहे. विरोधातले व्हेनान्सिओ मोंडलाने यांना २० टक्के. मोंडलाने म्हणाले, निवडणूक मी जिंकलोय. निकालाच्या पाच दिवस आधी, १९ ऑक्टोबरच्या पहाटे, त्यांचे वकील एल्विनो दियास आणि त्यांना पाठिंबा देणाऱ्या पोदेमोस पक्षाचे पावलो ग्वाम्बे यांना मापुतोत भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. दियास कोर्टात आव्हान देण्याची तयारी करत होते. मोंडलाने देशाबाहेर गेले आणि फोनवरून थेट बोलत राहिले. भांडी वाजवा, ही हाक त्यांचीच. सरकारनं मोबाइल इंटरनेट तोडलं. भांड्यांना इंटरनेट लागत नाही.

(पुन्हा मापुतोची रात्र. आवाज.)

हा आवाज जगानं कसा ऐकला?

मतदानानंतर दोनच दिवसांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या संघटनेच्या, म्हणजे सॅडेकच्या, निरीक्षकांनी सांगून टाकलं की मतदान शिस्तीत, शांततेत आणि मोकळ्या वातावरणात झालं. झिम्बाब्वेचे अध्यक्ष एमर्सन म्नांगाग्वा त्या वेळी सॅडेकचे प्रमुख होते. त्यांनी अधिकृत निकाल लागायच्या आधीच शापो यांचं अभिनंदन केलं. यामागचं नातं जुनं आहे. झिम्बाब्वेचा स्वातंत्र्यलढा बराचसा मोझांबिकच्या जमिनीवरून लढला गेला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या एएनसी पक्षाचे कार्यकर्तेही तिथंच आसऱ्याला होते. या तिन्ही देशांत सत्तेवर असलेले पक्ष त्या लढ्यातले सोबती आहेत. आणि सोबत्याच्या घरात भांडी वाजली की माणूस आधी सोबत्याकडे बघतो. ती भांडी वाजवणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांचा जन्म लढा संपल्यावर खूप वर्षांनी झालेला.

युरोपीय संघाच्या निरीक्षकांचा सूर वेगळा होता. केंद्र आणि जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर आकडे विनाकारण बदलले गेले, असं त्यांनी लिहून दिलं आणि प्रत्येक केंद्राचा निकाल जाहीर करा अशी मागणी केली. म्हणजे दारावरचा तोच तक्ता. देशातल्या कॅथलिक बिशपांनीही गैरप्रकारांवर उघड बोट ठेवलं. अमेरिकेनं बेरजेतल्या गंभीर त्रुटींचा उल्लेख केला. शब्द सगळे बरोबर होते.

पण १८ नोव्हेंबरला, भांडी वाजत असतानाच, युरोपीय संघानं मोझांबिकच्या उत्तरेत, काबो देल्गादो प्रांतात लढणाऱ्या रवांडाच्या फौजेसाठी आणखी २ कोटी युरो मंजूर केले. काबो देल्गादोत दहशतवाद आहे, हे खरं. तिथं समुद्राखाली प्रचंड वायूसाठाही आहे आणि फ्रान्सच्या टोटालएनर्जीजचा २० अब्ज डॉलरचा प्रकल्पही. त्या प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. एवढा वाटा असलेला देश भांड्यांच्या आवाजाकडे कान लावून बसत नसतो. आम्हाला हे बोचतं, कारण तो वाटा आपलाही आहे.

दक्षिण आफ्रिकेनं काय केलं? सीमेवरचं लेबोंबो नाकं अनेकदा बंद झालं, ट्रकांच्या रांगा लागल्या. २० नोव्हेंबरला हरारेत सॅडेकची खास शिखर परिषद भरली. २३ डिसेंबरला मोझांबिकच्या घटना परिषदेनं, म्हणजे निवडणुकीचा शेवटचा निवाडा करणाऱ्या न्यायपीठानं, शापो यांची मतं ६५ टक्क्यांवर आणून विजय कायम केला. १५ जानेवारी २०२५ च्या शपथविधीला परदेशी राष्ट्राध्यक्ष दोनच आले, दक्षिण आफ्रिकेचे सिरिल रामाफोसा आणि गिनी-बिसाऊचे उमारो सिसोको एम्बालो. पोर्तुगालनं आपल्या अध्यक्षांऐवजी परराष्ट्रमंत्री पाठवले.

तोवर तिथल्या नागरी संस्थांच्या नोंदींप्रमाणे तीनशेहून जास्त माणसं मारली गेली होती आणि हजारो सीमा ओलांडून मलावीत गेली होती.

(दाणा बाजार. दुपार. तोलणार काट्यासमोर. पोत्यांची थप्पी.)

दुसऱ्या देशात बोलायला दिल्लीला जमत नाही, असं नाही. २०२३ च्या अखेरीस निर्यातीच्या वादात नाकाला बंदरात तूर अडकली, तेव्हा भारतानं मोझांबिक सरकारकडे तो विषय काढला होता. गोदामात अडलेल्या पोत्यांसाठी शब्द खर्च झाले. माणसांसाठी तेवढेच व्हावेत, एवढीच आमची मागणी आहे.

(थप्पीतल्या दुसऱ्या पोत्यावर कॅमेरा सरकतो.)

शेजारच्या थप्पीत लेमन आहे. म्यानमारची. तिथंही नोव्हेंबर २०२० ची निवडणूक खोटी ठरवून लष्करानं १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता घेतली आणि यांगूनमध्ये लोक रोज रात्री आठ वाजता भांडी वाजवू लागले. भांडी बडवली की भुतं पळतात, असा त्यांच्याकडचा समज. त्याच वर्षी जूनमध्ये भारतानं म्यानमारशी पाच वर्षांचं ठरवलं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर. या दोन थप्प्यांमध्ये हातभर अंतर आहे.

(ठाणे. नौपाडा. जुन्या इमारतीतलं स्वयंपाकघर. आजी डाळ धुताहेत.)

या आजी सत्तरच्या दशकात महागाईविरोधी मोर्चात होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, एका हातात थाळी, एका हातात लाटणं. लाटणं मोर्चा हे नाव महाराष्ट्रात त्यांनीच रुजवलं. मागणी होती धान्य, तेल, रॉकेल. मंत्र्यांना फाइलीतली निवेदनं वाचायला वेळ नसे, म्हणून बायकांनी घरातली भांडी बाहेर काढली. आजींचं लाटणं अजून तेच आहे. मधोमध दबलेलं, एका बाजूला चीर गेलेलं. आम्ही विचारलं म्हणून त्यांनी ते ओट्यावर आणून ठेवलं.

(लाटण्यावर कॅमेरा. चीर.)

मापुतोचं चित्रण आम्ही आजींना दाखवलं. ती भाषा त्यांना येत नाही, तो देश त्यांनी नकाशावरही कधी शोधला नसेल. फोन त्यांनी कानाला लावला.

(आजी ऐकताहेत. मागे कुकरची शिट्टी. शेगडीवर तूरडाळ. आजींचा डावा हात ओट्यावर ठेका धरतो. निवेदन नाही. भांडी वाजत राहतात.)