जॅक उचलतो, धरत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस ओसरला, दसरा तोंडावर आला, की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आणि गावाकडच्या अंगणात बादल्या, फडकी बाहेर निघतात. चार महिने चिखलातून पळालेली गाडी पूजेआधी धुवायची असते. आणि धुता धुता कोणाला तरी वाटतं, जरा खालूनही बघावं. कुठे गंज धरलाय का, ब्रेकचे पॅड किती उरलेत, ऑइल कुठून गळतंय. हल्ली मोबाइलवर बघून ऑइल आणि पॅड घरच्या घरी बदलणारेही वाढलेत. मला त्याचा आनंदच आहे. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो, आणि माझं मत असं, की ज्याला आपली गाडी खालून माहीत आहे त्याला गॅरेजमध्ये सहसा कोणी गंडवत नाही.

पण आज ऑइल आणि पॅडविषयी बोलणार नाही. त्याच्या आधीच्या दहा मिनिटांविषयी बोलणार आहे, म्हणजे गाडी उचलण्याविषयी.

जॅकचं काम उचलणं. उचललेलं धरून ठेवणं हे त्याचं काम नाही, त्याला तसं बनवलेलंच नाही. स्लॅब टाकताना माल वर पोचवायला लिफ्ट असते, पण स्लॅब उभा राहतो तो खालच्या टेकूंवर. लिफ्टवर स्लॅब ठेवायचं कोणाच्या मनातही येत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं लिफ्टवरच स्लॅब ठेवतात आणि वर त्याच्याखाली जाऊन झोपतात.

डिकीत जो जॅक मिळतो, कात्रीसारखा उघडणारा, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो त्याला कारण आहे. त्याचा स्क्रू आटे बारीक असल्यामुळे उलटा फिरत नाही. हँडल सोडलं तरी गाडी आहे तिथेच राहते. म्हणून वाटतं, बसला पक्का. पण तो खाली येत नाही, एवढंच खरं. आडवा पडत नाही असं कोणी सांगितलं? त्याची बैठक तळहाताएवढी, वर टेकायला गाडीच्या कडेची एक अरुंद पट्टी, आणि जितका वर जाईल तितका तो डगमगता. आता गाडीखाली जाऊन गंजलेला बोल्ट सोडवायचा म्हणजे काय करता? पाना लावून आडवा हिसका देता. जॅक पाडायला नेमकं तेवढंच लागतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं, की हा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे, त्यावर गाडी असताना खाली जाऊ नका. ते पुस्तक बहुतेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर आलेलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

हायड्रॉलिक जॅक, बाटलीचा असो की चाकांचा ट्रॉली जॅक, तो दणकट दिसतो. पण त्याच्यात सगळा भार तेलावर आणि ते तेल अडवणाऱ्या रबरी सीलवर असतो. सील जुनं झालं, किंवा एखादा कचऱ्याचा कण आत जाऊन चरा पडला, की जॅक हळूहळू बसायला लागतो. कधी हळूहळू, कधी एकदम. वर तीन टन लिहिलंय म्हणजे तो अमुक तास तीन टन धरून ठेवील, असा त्याचा अर्थ नव्हे.

थोडा आकड्यांचा हिशोब करू. स्विफ्टसारख्या लहान गाडीचं वजन साधारण 900 किलो. इंजिन पुढे, म्हणून निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे पुढचा एक कोपरा सुमारे अडीचशे किलो किंवा त्याहून थोडा जास्त. आणि चारही चाकं जमिनीवर असताना या गाड्यांचं पोट जमिनीपासून 160 ते 170 मिलिमीटर वर असतं. मोठ्या माणसाची छाती पाठीपासून पुढेपर्यंत वीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे 200 मिलिमीटर. चाक काढलेलं असेल तर गाडी आणखी खाली येणार. अशा वेळी जखम दिसायला फार नसतेही. बरगड्या हलायला जागा उरत नाही, श्वास आत घेता येत नाही, आणि मग हातात फक्त काही मिनिटं असतात.

आता जमिनीकडे या. माझ्या मते निम्मं काम इथेच बिघडतं. सपाट काँक्रीट मिळालं तर उत्तमच. पण आपल्याकडे असतं काय? शहरात पेव्हर ब्लॉक. ते खाली दगडाच्या भुकटीवर नुसते बसवलेले असतात. चार पायांचा स्टँड, म्हणजे उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवायची तो लोखंडी टेकू, त्यावर ठेवला, की एक पाय एका ब्लॉकवर, दुसरा दुसऱ्यावर, आणि भार आला की एखादा ब्लॉक कलंडतो. विदर्भ-मराठवाड्यात काळी माती. वरून कडक वाटते, आत ओल असते. डांबरी रस्ता उन्हाळ्याच्या दुपारी इतका मऊ पडतो की स्टँडचा पाय त्यात सावकाश रुतत जातो, आणि तुम्ही खाली असल्यामुळे तुम्हाला ते दिसत नाही. काँक्रीट नसेल तर खाली जाड, सलग फळी घाला, निदान हातभर लांब-रुंद आणि बोटभर जाडीची. फुटकी फरशी नको. आणि टेकू म्हणून विटा, जांभा दगड, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नकोत. बांधकामावर ते पांढरे हलके ब्लॉक पडलेले असतात, तेही नकोत. भिंतीत भार पसरलेला असतो म्हणून या वस्तू तिथे टिकतात. गाडीची कडा एका रेघेवर दाबते. तिथे वीट आधी वाकून सूचना देत नाही, सरळ फुटते.

उतार असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाका. बेसमेंटच्या रॅम्पवर ‘जरासं तर बघायचंय’ म्हणून गाडी उचलणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

सपाट जागेवरही गाडी घरंगळू शकते, आणि त्याचं कारण थोडं समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही म्हणाल, हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये टाकलीय, आता काय होणार? हँडब्रेक आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत मागच्या दोन चाकांना लागतो. मागची दोन्ही चाकं उचललीत, की हँडब्रेक हवेत लटकलेल्या चाकांना धरून बसतो, गाडीला नाही. उरला गिअर. बहुतेक लहान गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं, म्हणून गिअर पुढची चाकं अडवतो. पण मध्ये डिफरन्शियल असतो ना! वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता यावं म्हणून केलेली ती सोय. पुढचं एकच चाक उचललं आणि हँडब्रेक ढिला असला, तर हवेतलं चाक उलटं फिरून जमिनीवरच्या चाकाला सुलटं फिरायला मोकळीक देतं. गाडी गिअरमध्ये आहे आणि तरी सरकतेय! ऑटोमॅटिक गाडीच्या ‘पी’चंही तेच. आणि एएमटी, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणाऱ्या, गाड्यांत तर बऱ्याचदा ‘पी’ नसतोच. म्हणून हँडब्रेक ओढा, गिअर टाका, आणि जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून-मागून दोन्हीकडून आड लावा. दगड लावायचा असेल तर मोठा आणि कोनाचा लावा, गोल गोटा नको. लाकडाच्या दोन पाचरी सुताराकडून करून घेतल्या तर आयुष्यभर पुरतात.

चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून ठेवायचे. गाडी वर गेल्यावर पान्यावर पाय देऊन उड्या मारल्या, की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

जॅक लावायचा कुठे? दाराखालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, पत्र्याच्या जोडपट्टीवर प्रत्येक ठिकाणी जवळजवळ अशा दोन खाचा असतात. त्या दोन खाचांमध्ये पत्रा आतून मजबूत केलेला असतो. हाताने चाचपून बघा, बाहेरून प्लॅस्टिकची पट्टी असली तर त्यावर जॅक नको. इंजिनाच्या चेंबरखाली, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्याला, जॅक लावला तर चेंबर फुटेल आणि ऑइल बदलायचं काम आपोआप सुरू होईल. इलेक्ट्रिक गाडीत, उदाहरणार्थ नेक्सॉन ईव्हीमध्ये, बॅटरी फरशीखालीच असते. तिथे पुस्तकात दाखवलेल्या जागा सोडून इंचभरही इकडेतिकडे जाऊ नका. आणि मालवण, रत्नागिरी, मुंबई, गोवा अशा खाऱ्या हवेतल्या जुन्या गाड्यांची ही जोडपट्टी आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. रंगाखाली गंजून पापुद्रे झालेले असतील तर जॅक वर जातो आणि गाडी तिथेच राहते.

इथे घरी काम करणाऱ्याची एक खरी अडचण येते, जी व्हिडिओवाले गाळतात. जागा एक, आणि ती जॅकलाही हवी, स्टँडलाही हवी. मग काय करायचं? ट्रॉली जॅक टेकवण्यासाठी पुढच्या बाजूला मध्ये लोखंडी आडवा क्रॉस मेंबर असतो. काही गाड्यांत तो चालतो, काहींत चालत नाही. पुस्तकात नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकलाच विचारा, ‘दादा, तुम्ही जॅक कुठे लावता, जरा बोट ठेवून दाखवा.’ खुशीने दाखवतात. जॅक मध्ये, स्टँड दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये.

ट्रॉली जॅक वापरताना त्याच्या चाकांवर लक्ष ठेवा. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. म्हणून गाडी वर जाताना जॅकला थोडं पुढे-मागे सरकावं लागतं. खडी, माती, फरशीची फट यात त्याची चाकं अडकली, की जॅक सरकत नाही, मग गाडी सरकते. आणि एक, बॉडी चांगली चार बोटं वर गेली तरी चाक जमिनीलाच चिकटलेलं दिसेल. घाबरू नका, स्प्रिंग मोकळी होत असते, म्हणून चाक खाली लोंबतं.

स्टँड जोडीने घ्या, वजन सोसण्याचा आकडा वाचून घ्या. तो एकाचा आहे की जोडीचा, तेही बघा. जॅक सावकाश सोडून भार स्टँडवर येऊ द्या. मग बाहेर उभे राहून गाडीला कमरेने, खांद्याने चांगला धक्का द्या. पडायचीच असेल तर आत्ता पडू दे. हलली नाही, तर जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर करून तिथेच राहू द्या, आणि काढलेलं चाक किंवा स्टेपनी दाराखालच्या कडेखाली आडवी सरकवा.

हे अति होतंय असं वाटेल. 2020 साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या साखळी दुकानांनी लाखो स्टँड परत मागवले. दात्यांत अडकणारा खटका कधीकधी नीट बसत नव्हता, आणि भाराखाली स्टँड अचानक खाली येत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, तेही परत घ्यावे लागले. लोखंड विकत आणलं म्हणजे खात्री विकत आणली असं होत नाही. आडवी टाकलेली स्टेपनी फुकट असते.

एकटे असाल तर गाडीखाली जाऊ नका. घरात कोणीतरी हवं, आणि त्याला काम समजावून द्या. नुसतं ‘लक्ष ठेव’ म्हणून भागत नाही. डिकीतला कात्री जॅक काढून बाहेर ठेवा, हँडल जोडून. बायको असो, भाऊ असो, शेजारचे काका असोत, त्यांना तो एकदा खाचेत लावून दाखवा. गाडी खरंच अंगावर आली, तर पाय धरून ओढायचं नसतं. ओढून माणूस निघत नाही आणि वेळ जातो. आधी जॅक लावून गाडी उचलायची, मग माणूस काढायचा, आणि तेवढ्यात दुसऱ्याने 108ला फोन करायचा. माझ्या वर्गात मुलांना हे एकदा करूनच दाखवायला लावतो, गाडीखाली गोणपाटाचा माणूस ठेवून. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे पाय ओढायला धावतात.

काम झालं की उतरवण्याआधी खाली वाकून बघा. पाने, बल्ब, आणि सावलीला येऊन बसलेलं मांजर, सगळं बाहेर आहे ना? जॅकने किंचित उचलून स्टँड काढा, मग व्हॉल्व्ह अगदी थोडा थोडा सोडा. चाक लावलेलं असेल तर नट हवेत हाताने बसवून, गाडी जमिनीवर आल्यावर एकासमोरचा एक असे आवळा. किती, ते पुस्तकात न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर पाना पुन्हा एकदा फिरवून बघा. नवीन बसवलेलं चाक थोडं सैल होतं कधीकधी.

ट्रॉली जॅक नेहमी पूर्ण खाली बसवून ठेवा, म्हणजे दांड्याला गंज लागत नाही. डिकीतल्या कात्री जॅकच्या आट्यांना वर्षातून एकदा ग्रीस लावा. दसऱ्याला झेंडूचं फूल वाहाल त्याच्या आधी लावलंत तर हात दोनदा धुवायला नकोत.

नमस्कार.